सतराचे सत्त्याहत्तर

वेस्ट हार्लो, व्हरमाँट
मंगळवार

ल्युसिंडाताईस ऑरिनचा वाकून नमस्कार. (वाकताना कंबर धरली, तेव्हा नमस्कार अर्धाच मान.) तुझा नवा गुडघा काय म्हणतो? जिना चढतेस, की अजून भावजींवर खेकसून कामं करून घेतेस?

इकडची हकिकत अशी. एकतीस वर्षं गावकचेरीत जमिनींची दप्तरं मी हातानं लिहिली आणि माझ्याविरुद्ध तक्रार एकच, अक्षराची. म्हणून पंचांनी हस्ताक्षर वाचणारा संगणक आणला. पानाचा फोटो काढायचा, की तो घडाघडा छापून देतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या कारकुनांचं त्यानं चुटकीसरशी वाचलं. माझ्या पानांवर मात्र जरा थबकला (माणूस असता तर चष्मा पुसला असता) आणि थेल्मा पर्लीची हद्द ओढ्यापासून सतरा फूट होती, ती त्यानं सत्त्याहत्तर केली. माझ्या एकाला डोक्यावर तुरा असतो, हे कबूल. पण त्या साठ फुटांत शेजारच्या ड्वाइटचं स्वयंपाकघर आलं ना!

थेल्मा एरवी शांत विधवा बाई. पण छापील कागद हाती पडला आणि दुसऱ्याच सकाळी ती ड्वाइटच्या टेबलाशी जाऊन बसली. तो बिचारा गोंधळून म्हणाला, "बाई, कॉफी घेणार का?"

"माझ्याच घरात मला काय विचारता? ओता!"

प्रकरण पंचांपुढे गेलं. मी शपथेवर सांगितलं, आकडा सतराच आहे, मीच लिहिलाय. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "यंत्राला अठ्ठ्याण्णव टक्के खात्री आहे. तुम्हाला?"

"शंभर."

"मग पुढची ओळ वाचून दाखवा."

ताई, मला ती लागेना. सभा खदाखदा हसली, माझे कान तापले. शेवटी सगळ्यांना चिखल तुडवत जागेवर नेलं आणि ओढ्यापासून टेप धरली. हद्दीचा जुना दगडी बांध बरोबर सतरा फुटांवर! यंत्राला कुणी चकार शब्द बोललं नाही. मला मात्र हुकूम झाला, की एकतीस वर्षांची दप्तरं उन्हाळ्याआधी स्वतः टंकून द्या, नाहीतर खुर्ची सोडा.

बाकी क्षेम. भावजींना आठवण सांग.

तुझा,
ऑरिन

ता. क. सैन्यातून मी धाडलेली पत्रं आईला तूच वाचून दाखवायचीस. माझं अक्षर तुझ्याशिवाय कुणाला लागत नाही, मलाही नाही. शनिवारच्या बसनं ये. दोन महिन्यांचे कपडे आण.

आणखी एक. थेल्मा कॉफीला जातच राहिली होती म्हणे. काल ती आणि ड्वाइट लग्नाचा परवाना घ्यायला आले. रविवारी दोघं मिळून तो बांध पाडणार आहेत. मलाही पहार घेऊन बोलावलंय.