ह्युगेतच्या दारावरून जाणारा रस्ता

रविवार, २७ एप्रिल
सायकल क्लबच्या मीटिंगमध्ये माझा रूट मंजूर. सात विरुद्ध सहा. पंधरा जूनची वार्षिक राइड आता माझ्या रस्त्याने जाणार. सकाळी तळ्यांमधून सपाट रस्ता, मग पूल ओलांडून डोंगर, आणि अगदी वर, ह्युगेतच्या दारासमोर, सरबताचं टेबल. ह्युगेत म्हणजे माझी मेहुणी. सोलांज, म्हणजे माझी बायको, मार्चपासून तिच्याकडे राहायला गेली आहे. थोडे दिवस. इकडच्या दमट हवेने तिला त्रास होतो. तसं ती म्हणाली नाही, पण मला कळतं.

गोनाँ आमचा अध्यक्ष. त्याने विचारलं, सरळ रस्ता सोडून त्या मरणाच्या चढावर सगळ्यांना कशाला नेतोस? मी म्हटलं, वरून दृश्य सुंदर दिसतं. मागून कोणीतरी म्हणालं, दृश्य स्वयंपाकघरात उभं असतं. सगळे हसले. मीही हसलो, मन मोठं ठेवून.

प्लॅन असा. सगळ्यांच्या पुढे मी. साडेदहाला वर. सोलांज दारात. मी एक पाय टेकवणार, हेल्मेट काढणार. बोलायचं काही नाही. ती बघेल, बास.

संकल्प: रोज चाळीस किलोमीटर. वाइन बंद. चीज फक्त रविवारी.

सोमवार, २८ एप्रिल
पाऊस. घरीच. वाइनची बाटली आधीच उघडलेली होती. ओतून टाकणं मला पटत नाही.

शनिवार, ३ मे
पंचवीस किलोमीटर, पण वारा तोंडावर. परत येतानाही तोंडावर. हे कसं, ते शोधलं पाहिजे.

मोठं तळं यंदा कोरडं आहे. मालकाने पाणी सोडून दिलं, मासे विकले आणि तळात ओट पेरलाय. बगळे बांधावर उभे, घराला कुलूप लागल्यासारखे. सोलांजला हे फार आवडतं. दर वर्षी विचारते, या खेपेला कुठलं तळं पेरलं? संध्याकाळी फोनवर सांगणार होतो. नव्या गिअरबद्दल सांगता सांगता राहून गेलं.

मंगळवार, ६ मे
सोलांजचा फोन. मोतीबिंदू आहे म्हणे, दोन्ही डोळ्यांत. ह्युगेतच्या ताटातलं आणि स्वतःच्या ताटातलं तिला सारखंच धूसर दिसतं. या वयात सगळ्यांनाच होतं. मी तिला धीर दिला. मग चढावर कुठला गिअर लावायचा ते समजावून सांगितलं. ती ऐकत होती. मधे म्हणाली, एकदा गाडीने ये ना, रविवारी जेवायला.

गाडीने. म्हणजे तिला माझ्या गुडघ्यांची काळजी वाटते. बरं वाटलं. पंधरा तारखेला मात्र तिला कळेल, की काळजीचं कारण नाही.

रविवार, १८ मे
चढावर पहिला सराव. अर्ध्यावरचं जुनं चॅपल बघायला उतरलो. इतकी वर्षं बघायचं राहिलं होतं. बघून झाल्यावर उशीर झाला होता, म्हणून खाली आलो.

रविवार, २५ मे
चढावर दुसरा सराव. चॅपल पुन्हा बघितलं. मागच्या वेळी खिडक्यांकडे नीट लक्ष दिलं नव्हतं.

ह्युगेतकडे जेवायला आज तरी जायला हवं होतं. पण अशा घामट कपड्यांत कसं जाणार? आणि आधीच भेटलो तर पंधरा तारखेचं काय उरलं?

शनिवार, ३१ मे
वजन तेवढंच. काटा जुना आहे.

घरात फार शांत. बेडकांचा आवाज मात्र थेट स्वयंपाकघरापर्यंत येतो. सोलांज खिडकी लावून घ्यायची, बहुतेक म्हणून आधी कळलं नसेल. मी उघडीच ठेवतो.

रविवार, ८ जून
सोलांजचा फोन. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन गुरुवारी, बारा तारखेला, बूर शहरातल्या हॉस्पिटलात. त्याच दिवशी घरी सोडतात, पण स्वतः गाडी चालवायची नाही. मला विचारत होती, नेशील का म्हणून.

नेमका गुरुवार. राइडसाठी रस्त्यावर बाण रंगवायचे ते गुरुवारीच. शुक्रवारी रंगवले तर रविवारपर्यंत नीट वाळत नाहीत, हे क्लबमध्ये माझ्याइतकं कोणाला माहीत नाही. मी म्हटलं, तारीख पुढे ढकलता येईल का? ती म्हणाली, बत्तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलंस, परक्या माणसांच्या शेजारी बसून रोज बूरला गेलास. माझ्या शेजारी एक दिवस बसायचं होतं.

मी म्हटलं, तसं नाही गं, बाण आहेत.

ती म्हणाली, असू दे, फेलिसियाँ नेईल. हा त्यांचा शेजारी. माझाच विद्यार्थी. तीनदा नापास झाला होता. पण प्रश्न सुटला.

गुरुवार, १२ जून
दिवसभर बाण. डबे होते म्हणून गाडी घेऊन गेलो. पिवळा रंग उत्तम. सकाळी शिंतोडे पडले, त्यामुळे तळ्यांजवळचे काही बाण थोडे पसरले, बदकाच्या पायांसारखे दिसतात. पण दिशा कळते. ह्युगेतकडे वळायचा बाण मुद्दाम दुप्पट मोठा काढला.

तिथून तिचं घर अगदी जवळ. दुपारचे चार. सोलांज एव्हाना बूरहून परत आली असणार. गाडीत बसलो, किल्ली फिरवली, जाऊन यावं असं फार वाटलं. पण हात पिवळे झाले होते. आणि आज भेटून रविवारची सगळी मजा गेली असती. खाली आलो.

ऑपरेशन आता दहा मिनिटांचं असतं, असं वाचलंय.

शनिवार, १४ जून
सायकल पुसली. साखळीला तेल. पास्ता खाल्ला. दाढी केली, सकाळीही करणार. आरशासमोर हेल्मेट काढून बघितलं. डाव्या हाताने चांगलं दिसतं.

रविवार, १५ जून, संध्याकाळ
सुरुवात उत्तम. निघताना सगळ्यांच्या पुढे होतो. पहिल्या तळ्यापर्यंत पुढेच. मग काही तरुण पोरांना जाऊ दिलं. पुलापर्यंत जवळजवळ सगळ्यांनाच जाऊ दिलं. गोनाँ बाजूने जाताना म्हणाला, दृश्य पळून जात नाही, दमाने ये.

चढाला लागलो. चॅपल आलं. आज ते बघायला थांबायचं नाही असं ठरवलं होतं, आणि थांबलो नाही. चालत गेलो. सायकल हातात होती, म्हणजे तसं पाहिलं तर सायकलसोबतच. मागून क्लबची व्हॅन आली, थकलेल्यांना उचलणारी. मी थकलो नव्हतो, पण चालवणाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून बसलो. शेवटच्या वळणाअलीकडे त्याला थांबायला सांगितलं. सायकल उतरवून घेतली. तिथून ह्युगेतच्या दारापर्यंत स्वतः चालवत गेलो.

एक वाजून गेला होता. बाकीचे सगळे येऊन, पिऊन, निघून गेले होते. ह्युगेत पेले गोळा करत होती. सोलांज टेबलापाशी उभी. उजव्या डोळ्यावर पट्टी, वर काळा चष्मा. पट्टीचं मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगितलं असेल.

प्लॅनप्रमाणे एक पाय टेकवला. डाव्या हाताने हेल्मेट काढलं. बोललो नाही.

ती माझ्या धापांच्या दिशेने वळली. म्हणाली, कोण आहे? सरबत संपलंय हो, पाणी देऊ का?

मी म्हटलं, मी.

ती म्हणाली, आंतेल्म? मग हात पुढे केला, तो सायकलच्या हँडलला लागला. हँडल चाचपून बघितलं. म्हणाली, गाडीने नाही आलास.

मी म्हटलं, नाही. राइड होती ना.

ती म्हणाली, बरं. पाणी ओतायला लागली. पेला भरून वाहिला तरी तिला कळेना. माझा बूट भिजला. पेला खाली ठेवून ती ह्युगेतला हाक मारत आत गेली. मी पाणी प्यालो. मग व्हॅनवाल्याने हॉर्न दिला.

सोमवार, १६ जून
अंग ठणकतंय. गोनाँचा फोन. लोकांना चढ आवडला नाही, पुढच्या वर्षी सरळ रस्ता. मी वाद घातला नाही.

गुरुवार, २६ जून
आज डावा डोळा. गाडीमागचं सायकलचं स्टँड काल काढून ठेवलं. सकाळी आठला फोन केला, म्हटलं मी नेतो, निघालोच. ह्युगेत म्हणाली, फेलिसियाँ तिला घेऊन केव्हाच गेला. आज तुला विचारलं कोणी?

मी गाडीत तसाच बसून राहिलो. शेजारची सीट मागे सरकवलेली होती, रंगाच्या डब्यांसाठी. ती पुढे घेतली. पट्टा नीट केला.

शुक्रवार, ४ जुलै
सोलांज उद्या घरी येतेय. ह्युगेतने कळवलं, आता तिला सगळं लख्ख दिसतं. दिवसभर झाडलोट. खिडकीच्या काचा पुसल्या. सायकल शेडमध्ये, वर कापड. तिच्या आवडीची भाजलेली कार्प मासळी करणार, मलईच्या रश्शात. संकल्प: सायकलचा विषय काढायचा नाही. तिने काढला तरी नाही.

शनिवार, ५ जुलै
आली. फेलिसियाँ घेऊन आला, बाहेर गाडीतच बसला.

स्वयंपाकघरात येऊन तिने सगळीकडे बघितलं. म्हणाली, भिंती पांढऱ्या आहेत, मला इतकी वर्षं पिवळसर वाटायच्या. मग माझ्याकडे बघितलं. मी पोट आत घेतलं होतं. तिने बराच वेळ बघितलं. इतकं तिने लग्नातही बघितलं नसेल. म्हणाली, थकलास रे. आणि गालाला हात लावला.

मी म्हटलं, मोठ्या तळ्यात ओट पेरलाय, चल, गाडीने दाखवून आणतो. पाठ केलेलं वाक्य होतं, पण चांगलं निघालं.

ती म्हणाली, येताना बघितला. छान पिवळा झालाय. फेलिसियाँने बांधावर गाडी थांबवली होती.

मासा खाल्ला. चांगला झालाय म्हणाली. मग वर गेली आणि हिवाळ्याचे दोन्ही कोट घेऊन आली. लोकरीचे मोजे. फरचे बूट. मी पिशवी धरली, ती भरत होती. मी म्हटलं, उन्हाळ्यात इकडे कोटांना कसर लागते, तिकडे कोरड्या हवेत टिकतील. ती म्हणाली, हो, टिकतील.

कोट मीच गाडीत ठेवले. फेलिसियाँने आरसे बघितले, इंडिकेटर दिला, मगच गाडी रस्त्यावर घेतली. पास झाला असता आज. ते वळणापलीकडे गेल्यावर मी आत आलो आणि रडलो. लिहून ठेवतो, नाहीतर उद्या सर्दी होती म्हणेन.