म्हशीच्या पोटाखालची कडी

१२ जानेवारी, सोमवार

गाडीखाली लावायच्या लूपला खर्च शून्य, असं पोरीला, मनस्वीला ठोकून दिलं. खरं काय ते इथे लिहितो. पट्टी भंगारातली, फुकट. बोल्ट डब्यातले, फुकट. पण त्यापायी सीवूड्सच्या डॉक्टरची गाडी दिवसभर लिफ्टवर ताटकळली, तो फणफणत रिक्षाने गेला. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी नवा शर्ट भोकाभोकांचा. आणि बायकोने, चंदाने माझ्यासाठी झाकून ठेवलेलं निवट्या माशांचं कालवण मी घरी पोचेपर्यंत मांजराच्या पोटात! एवढं सगळं एका पट्टीसाठी — जिची गरजच नाही.

रात्री चंदाने विचारलं, "ती कडी कशाला पायजे म्हशीला?"

म्हैस म्हणजे आमच्या मनस्वीची गाडी. जुनी, काळी, ऐसपैस, मागच्या चाकांवर पळणारी. आत जपानी इंजिन — मी स्वतः बसवलेलं. पोरगी रोज हीच घेऊन ऐरोलीच्या ऑफिसात जाते, कॉम्प्युटर बडवते आणि सुट्टीला हिलाच शर्यतीत पळवते. आपलंच रक्त!

चंदाला समजावलं — इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेणारा लांब लोखंडी शाफ्ट असतो, गाडीच्या पोटाखाली गरगर फिरतो. त्याच्या टोकांना सांधे, आम्ही क्रॉस म्हणतो. पुढचा क्रॉस भर वेगात तुटला तर शाफ्ट रस्त्यात रुततो, गाडी उलटते. नाहीतर पत्रा फाडून आत येतो. म्हणून शाफ्टभोवती लोखंडी कडी. तुटला तरी कडीत अडकून राहील. शर्यतवाल्यांचा नियम आहे, कडी नाही तर धाव नाही.

चंदा म्हणाली, "म्हंजे पोरीच्या मांडीखाली फिरतो की तो!"

म्हटलं, अगं तुटेल तेव्हा ना? क्रॉस मरायच्या आधी कितीतरी दिवस कुरकुरतो, बारीक चीं-चीं करतो. आणि या कानातून आजवर काही सुटलंय? अख्ख्या सानपाड्यात विचार. लोक फोनवरून इंजिन ऐकवतात मला!

१४ जानेवारी

चंदाचा नवा कुकर बिघडलेला आहे. मला शिट्ट्यांवर लक्ष ठेवायला बसवून खाली गेली. एकही शिट्टी झाली नाही. डाळ करपून कोळसा. बोलणी मला! कुकर बदलून आणला पाहिजे.

१५ जानेवारी

चंदा खूश. "चिमन्या आल्यात परत. सकाली मनस्वी निघते ना, तवा चिवचिव चालू होते खाली." खिडकीत वाटीभर तांदूळ ठेवलेत.

मी सांगितलं, चिमण्या गेल्या त्या मिठागरांबरोबर गेल्या. बाप मीठ ओढायचा तेव्हा झोपडीच्या आढ्याला घरटी असायची. आता इथे चिमण्यांनी राहायचं कुठे, एसीच्या डब्यात? म्हणाली, "तुमाला सगला माहीत. मना ऐकू येतात, बास." असू दे. तिच्या आनंदात मी का काडी घालू.

१६ जानेवारी

आज इज्जत गेली.

मनस्वी ऑफिसातून तडक गॅरेजमध्ये आली, टॉर्च घेऊन म्हशीखाली शिरली. पाय तेवढे बाहेर. मग आतूनच, "पप्पा, हा लूप नाही. बांगडी आहे ही."

बाहेर आली, केसात ग्रीस. म्हणाली, पट्टी पातळ, वेल्डिंग चिकटवल्यासारखं, आणि बसवली शाफ्टच्या मधोमध, म्हणजे क्रॉसपासून लांब. सगळं खरं होतं. मधोमध जागा मोकळी होती, हात सहज जात होता. नियमवाला वाकून बघणार, कडी दिसली की शिक्का मारणार. तेवढ्यापुरतीच केलेली.

"नियमवाल्यासाठी नकोय पप्पा. माझ्यासाठी पाहिजे."

मी म्हटलं, तुझा बाप टायरच्या पंक्चरपासून इथवर आला तो कानांच्या जोरावर. म्हशीचा क्रॉस कुरकुरला तर मला आधी कळेल. दिवाळीआधी कुरकुरला होता, तेव्हा ग्रीस मारलंच ना मी?

"दिवाळीआधी नाही पप्पा. गेल्याच्या गेल्या दिवाळीआधी."

आमचा वेल्डर शिवराम तोंड फिरवून हसत होता. पाठमोरा असला तरी मला ऐकू आलं. म्हटलं ना — काही सुटत नाही!

१८ जानेवारी, रविवार

शिवरामला दिघ्याहून सुट्टीच्या दिवशी बोलावलं. येताच म्हणाला, "शेठ, आज बांगडी की पाटली?" मार खाईल एक दिवस.

जाड पट्टी घेतली. तापवून जुन्या पाइपभोवती वळवली, दोन अर्धगोल केले. एक वरून, एक खालून, मध्ये बोल्ट. पुढच्या क्रॉसच्या अगदी जवळ. तिथे सायलेन्सर आडवा येतो, सगळा उतरवावा लागला. बोटं सोलली. कडी नुसत्या पत्र्याला लावली तर पत्र्यासकट निघून जाईल, म्हणून आधी आडवी पट्टी टाकून चॅसीला पकडली. मनस्वी उशाशी बसून पान्हे देत होती. लहानपणी अशीच बसायची, फक्त तेव्हा चुकीचे द्यायची.

संध्याकाळी तिने म्हशीखाली शिरून कडीला हिसके देऊन पाहिले. अख्खी गाडी हलली, कडी नाही. "आता हा लूप."

पोरीपुढे हरायला मजा येते, हे तिला सांगणार नाही.

१९ जानेवारी

पाठ! वाकता येत नाही. चंदा म्हणते, करा अजून शर्यती.

२४ जानेवारी

उद्या घाटावरच्या जुन्या धावपट्टीवर शर्यत. म्हैस ट्रकवर चढवताना शिवराम म्हणाला, "शेठ, क्रॉस एकदा खोलून बघायचा का?" म्हटलं, बोनेटला कान लावून ऐकलीय मी तिला. घड्याळासारखी चाललीय. वेळ नको घालवू.

२५ जानेवारी, रविवार



नियमवाला आला, वाकला, कडी बघितली, शिक्का मारला. बांगडी असती तरी मारला असता.

हिरवा दिवा लागला. म्हशीने मागचे पाय रोवले, धूर काढला आणि सुटली. मी दोरीला धरून ओरडत होतो. तेवढ्यात पोटाखाली धाड! मग खडखडखड — डब्यात दगड घालून कोणी हलवावा तसं. इंजिन एकटंच बोंबलतंय, गाडीत ओढ नाही. मी दोरीखालून पळालो. पाठबिठ सगळी विसरलो. डोळ्यांपुढे एकच — शाफ्ट आणि तिची मांडी.

म्हैस सरळ रेषेत घरंगळत गेली आणि कडेला थांबली. उलटली नाही. दार उघडलं. मनस्वी उतरली, हेल्मेट काढलं. तोंड पांढरंफटक, तरी हसायला बघत होती. "पप्पा, पाय दोनच आहेत ना, मोजा."

मी खरंच मोजले.

खाली वाकून पाहिलं. पुढचा क्रॉस तुटलेला. शाफ्ट कडीत पडलेला, खुंटीला टांगल्यासारखा. कडी खाली वाकलीय पण सुटलेली नाही. वर पत्र्याला, बरोबर तिच्या सीटखाली, एक पोचा. नुसता पोचा!

चंदाला फोनवर एवढंच सांगितलं की गाडी बंद पडली. "पोरगी?" म्हणाली. म्हटलं, चहा पितेय.

२६ जानेवारी

झेंडावंदन उरकून क्रॉस खोलला. आत ग्रीसचा थेंब नाही. आतल्या बेअरिंगच्या सुया झिजून लाल भुगा. हा काही एका दिवसात मेलेला नाही. महिनाभर तरी ओरडत असणार.

मग मला कसं ऐकू आलं नाही?

शिवरामला म्हटलं, मुका क्रॉस होता रे हा. लाखात एखादा निघतो असा, कुरकुर न करता तुटणारा. तो लगेच "हो शेठ" म्हणाला. फारच लगेच.

वाकलेली कडी गॅरेजच्या भिंतीवर टांगली. मनस्वीने खाली खडूने लिहिलं — 'बांगडी नव्हे.'

३१ जानेवारी

नवा क्रॉस, नवी कडी. या वेळी मनस्वीने वळवली, मी पान्हे दिले. एकदा चुकीचाही दिला. मुद्दाम.

१ फेब्रुवारी, रविवार

सकाळी मनस्वी म्हैस घेऊन चक्कर मारायला निघाली. चंदा खिडकीत कान देऊन उभी. गाडी वळणापलीकडे गेली तरी तशीच.

"गाडी घरी नव्हती तवा चिमन्या नव्हत्या. मना वाटला, गाडीबरोबर येतील. नाय आल्या." वाटीतले तांदूळ परत डब्यात ओतले. एक दाणा टिपलेला नव्हता.

रोज सकाळी तो जुना क्रॉस चिवचिवत होता खाली. मी एकदाही ऐकलं नाही.