उजवा मेंदू आणि पंपाची चावी

१ मार्च १९९२, रविवार. सकाळ.
पंप बंद करून लिहायला बसलो. या वर्षी सोसायटीची सेक्रेटरीगिरी सोडायची. निर्णय पक्का. मागच्या वर्षीही पक्का होता, पण तो भावनेच्या भरात घेतलेला. यंदा विज्ञान वापरणार.

आठ वर्षं झाली. डोंबिवलीत आमच्या बाजूला पाणी पहाटे साडेचारला येतं. खालच्या टाकीतून गच्चीवरच्या टाकीत ते पंपाने चढवायचं आणि तेवढा वेळ कोणीतरी तिथे उभं राहायचं. पाणी नसताना पंप चालला तर जळतो. म्हणून पंपाच्या खोलीची चावी माझ्या गळ्यात, नायलॉनच्या दोरीत. वॉचमन ठेवायचा ठराव दर वर्षी येतो आणि वर्गणीपाशी मरतो. बिल्डिंगमध्ये मला नावाने कोणी हाक मारत नाही. पोस्टमनसुद्धा सेक्रेटरी म्हणतो.

मंजुळाने कन्याकुमारीच्या टूरमध्ये दोन सीट बुक केल्यात, तिची आणि माझी. अठरा वर्षांच्या संसारात आम्ही दोघं बाहेरगावी गेलो ते लोकांच्या लग्नाला. ती म्हणाली, या वेळी पंपाचं कारण चालणार नाही. मी म्हटलं, कारणच राहणार नाही. जनरल बॉडी मीटिंग २६ एप्रिलला, टूर ५ मेला. मधले दिवस चार्ज द्यायला भरपूर.

३ मार्च.
ऑफिस सुटल्यावर ठाणे स्टेशनबाहेर फुटपाथवर मेंदूवरचं एक इंग्रजी पुस्तक मिळालं. सुरुवातीची पानं नाहीत, पण अशा पुस्तकांत महत्त्वाचं पुढेच असतं. डावा मेंदू हिशेब करतो, उजवा स्वप्नं बघतो. पुढारी माणसं उजव्या मेंदूची. निदान तसा अर्थ निघतो, त्या पानावर चहा सांडलेला आहे.

कल्पना सुचली. ऑफिसात नवा पीसी आलाय. एसी केबिनमध्ये ठेवलाय, चपला बाहेर काढून जावं लागतं. बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेचा दोन महिन्यांचा कोर्स मी केलेला आहेच. मासिकात वाचलं की परदेशात मशीनला माणसासारखा विचार करायला शिकवतात. मेंदू म्हणजे तरी काय, पेशी आणि त्यांच्यातले कमीजास्त जोर. बिल्डिंगमधला एकेक मेंबर पीसीत घालायचा, प्रत्येक गुणाला वजन द्यायचं. कोण सेक्रेटरी व्हायला उभा राहील ते मशीन सांगेल. त्याला आधीपासून घोळात घ्यायचा. प्रोग्रॅमचं नाव मेंदू-१.

७ मार्च.
निरीक्षणाला सुरुवात. फोन बिल्डिंगमध्ये फक्त आमच्याकडे, त्यामुळे सगळे मेंदू आपल्या पायांनी घरी चालून येतात. फोन कुठल्या कानाला लावतात ते बघायचं. उजवा कान म्हणजे डावा मेंदू, आणि उलट.

जगन साळवी, दुसरा मजला, विमा एजंट. सरळ डाव्या कानाला. बोलताना दुसरा हात हवेत. उजवा मेंदू, शंकाच नाही.

दामाजी नाखवा, तळमजला. मूळचे खाडीकडच्या कोळीवाड्यातले, मोहन्याच्या कारखान्यात शिफ्टची नोकरी करून रिटायर झालेले. यांनी फोन आधी एका कानाला लावला, मग दुसऱ्या, मग परत पहिल्या. मंजुळा म्हणाली, त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं. मी लिहून घेतलं: दोलायमान मेंदू, निर्णयक्षमता नाही.

जाताना नाखवा म्हणाले, त्यांना चार वाजता जाग येतेच, चावी त्यांच्याकडेच देऊन टाकावी. मी हसून दार लावलं. पुस्तकात आहे, डावा मेंदू शब्द बनवत राहतो, त्यामागे इच्छा असतेच असं नाही.

१५ मार्च.
प्रश्नावली काढली. समोरच्या रमाबाई, शाळेत शिकवतात. त्यांना विचारलं, स्वप्नात रंग दिसतात का. म्हणाल्या, स्वप्नात पाणी गेलेलं दिसतं. मग त्यांनीच विचारलं, कोण तयार आहे ते सरळ का विचारत नाही. मी समजावलं, माणूस विचारल्यावर खरं सांगत नाही, विज्ञान नुसतं बघतं. त्या म्हणाल्या, मग आत्ता काय चाललंय? उद्धट. वजन उणे चार.

२२ मार्च, रविवार.
काल ऑफिसात उशिरापर्यंत बसून मेंदू-१ चालवला. ऐतिहासिक क्षण होता पण बघायला फक्त शिपाई, तोही कुलूप हातात घेऊन.

जगन साळवी ९१ टक्के. नाखवा ६. विज्ञान माणसाचं वय बघत नाही.

एक गडबड झाली. टेस्टिंगसाठी मी माझी माहितीही घातलेली. मशीनने सगळ्यांत वर माझंच नाव दिलं, ९८ टक्के. प्रोग्रॅममध्ये चूक असणार. दोनदा तपासला, सापडली नाही. शेवटी माझी नोंदच पुसून टाकली. मोजणाऱ्याने स्वतःला मोजायचं नसतं.

मंजुळाला गंमत म्हणून सांगितलं. ती खूप हसली. मग एकदम हसायची थांबली आणि भाकऱ्या करायला गेली.

४ एप्रिल.
जगनकडे पाडव्याचं श्रीखंड खायला गेलो. हळूच विषय काढला, नव्या रक्ताने पुढे यायला हवं वगैरे. तो म्हणाला, तुमच्याशिवाय ही बिल्डिंग उभी तरी राहील का? बरं वाटलं. घरी येऊन त्याच्या नम्रतेला पाच गुण वाढवले. आता ९६.

वाटेत जिन्यात नाखवा. पुन्हा चावीचं. या माणसाला एकच विषय.

९ एप्रिल.
अंगात ताप. नाखवा वर आले, मंजुळाने त्यांना चावी द्या म्हणून माझ्यापुढे हात केला. मी शाल गुंडाळून स्वतः खाली गेलो. हिरवं बटण एकदा दाबून भागत नाही. एकदा दाबायचं, जरा थांबायचं, मग पुन्हा. हे शिकवून येत नाही. नाखवा पायरीवर बसून बघत होते. माझी दया आली असावी. परत येताना जिन्यात दोनदा बसलो.

किती अडकलोय मी. कोणाला दिसत नाही.

१४ एप्रिल.
जयंती. मंजुळाने नवी पांढरी साडी नेसली. मिरवणुकीत ती आणि रमाबाई पुढे, मी पाण्याच्या टँकरची चौकशी करायला मागे. रात्री जेवताना ती आपणहून बोलायला लागली. समुद्र तिने बघितलाय तो दादरला, सहा डिसेंबरला, रांगेत, लोकांच्या डोक्यांवरून. म्हणाली, "एकदा निवांत खाली बसून बघायचाय. तुम्ही शेजारी असाल तर बरं."

मला गलबलून आलं. मी म्हटलं, काळजी करू नको, आता ९६ टक्के आहे.

तिने माझं ताट उचललं. मेंदू-१ वर तिचा विश्वास बसायला वेळ लागेल.

२५ एप्रिल.
उद्या मीटिंग. निरोपाचं भाषण पाठ केलं. शेवटी आवाज किंचित कापला पाहिजे. आरशासमोर जमलं.

२६ एप्रिल, रविवार.
जे झालं ते तटस्थपणे लिहितो.

गच्चीवर मीटिंग. विषय पाच, नवीन सेक्रेटरी. मी जाहीर केलं की मी पद सोडतोय. आवाज बरोबर कापला. मी जगनकडे बघितलं. मशीनप्रमाणे आता त्याने उठायचं.

उठले नाखवा. हात वर करून. मी म्हटलं, काका, पाण्याचा विषय झाला, बसा. ते बसले. पुन्हा उठले. म्हणाले, "मी काय म्हनतंय..." मी म्हटलं, वेळ कमी आहे. जगनला वाट मोकळी ठेवायला हवी होती. मागून रमाबाई ओरडल्या, त्यांना बोलू द्या. मी घंटी वाजवली.

मग जगन उठला. माझ्या छातीत धडधड. शास्त्रज्ञांना हेच होत असणार.

जगन म्हणाला, असा माणूस आपण सोडणार आहोत का? टाळ्या. त्याने पिशवीतून शाल आणि नारळ काढला. म्हणजे शाल आधीच आणलेली. यांच्याकडे पीसी नाही, काही नाही. शाल माझ्या खांद्यावर पडली आणि माझ्या तोंडून निघालं, आपल्या आग्रहाखातर. पुढची तीन वर्षं.

नाखवाही टाळ्या वाजवत होते. मंजुळा शेवटच्या खुर्चीवरून उठून खाली निघून गेली.

चूक माहितीत होती. कान पुरेसा नाही. डोळेही बघायला हवे होते.

२७ एप्रिल.
मंजुळा रात्री भांडी आवरून समोर बसली. म्हणाली, सेक्रेटरी राहायचंय तर राहा. दहा दिवसांपुरती चावी नाखवाकाकांना द्या आणि चला. एवढंच मागतेय.

मी म्हटलं, लोकांनी मला अडकवलंय ते तू बघितलंस. त्यावर ती जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो, पुढे अभ्यासाला उपयोगी पडेल.

"तुम्हाला कोणी अडकवलेलं नाही. तुम्हाला भीती वाटते, की तुम्ही नसताना पाणी चढेल."

डाव्या मेंदूचं वाक्य. पण झोप आली नाही.

३० एप्रिल.
संध्याकाळी खरंच खाली गेलो. नाखवांच्या दारात उभा राहिलो. चावी गळ्यातून काढून मुठीत धरलेली. बेल वाजवली. नाखवांनी दार उघडलं, माझ्या मुठीकडे बघितलं आणि वाट बघत राहिले. मी विचारलं, तुमच्याकडे नळाला धार बरी आहे ना? म्हणाले, बरी हाय.

वर आलो. तांत्रिक जबाबदारी अशी चार दिवसांत देता येत नाही. मंजुळाला तसं सांगितलं. तिने रमाबाईंचं दार वाजवलं आणि विचारलं, सुट्टी लागलीय ना तुम्हाला?

५ मे.
टूरची बस सकाळी निघाली. मी सोडायला गेलो. खिडकीची सीट माझी होती, तिथे रमाबाई. मंजुळाने डबे कुठे आहेत, गॅस कसा बंद करायचा सगळं सांगितलं. मी म्हटलं, पुढच्या वर्षी नक्की. तिने मान हलवली, हो अशी नाही, नुसतीच. बस गेल्यावर मी तिथेच बराच वेळ उभा. मला जायचं होतं. हे मी आज लिहितोय, कारण तिच्यासमोर म्हणता आलं नाही.

मेंदू-२ चं काम हाती घेतलं.

१२ मे.
पोस्टकार्ड आलं. तीन बाजूंनी पाणी आहे, खडकावर बसून बघितलं, बरं वाटलं. पाण्याची काळजी करू नका. बस, एवढंच. पत्त्यावर माझं नाव नाही. 'मा. सेक्रेटरी' आणि खाली बिल्डिंगचं नाव. कार्ड मात्र बरोबर पोचलं.

मेंदू-२ बंद. केबिनला साहेबांनी कुलूप लावलं. शिपायाने सांगितलं असणार.

१४ मे.
आज झोप लागली. आठ वर्षांत पहिल्यांदाच, असं मला वाटलं. जाग आली तेव्हा उजाडलेलं. तसाच खाली धावलो. डोळ्यांसमोर सगळी बिल्डिंग बादल्या घेऊन उभी.

कोणी नव्हतं. पंपाच्या खोलीला नाखवा कुलूप लावत होते. त्यांच्या हातात चावी. माझी माझ्या गळ्यात.

विचारलं, ही कुठून आली. म्हणाले, "मंजुळाबाईंनी दुसरी बनवून दिलीय. तुमाला टायफॉइड झालता ना, तवाची. तुमी झोपून ऱ्हाता तवा मीच चालू करतंय. तुमची चाहूल लागली की बंद करून जातंय, तुमाला वाटतं पानीच उशिरा आलं." मग म्हणाले, "तुमाला वाईट वाटंल म्हनून बोललो नाय."

टायफॉइडला पाच वर्षं झाली.

म्हणजे पाच वर्षं मी कुठेही जाऊ शकत होतो.

हिरव्या बटणाचं विचारलं. नाखवा म्हणाले, एकदाच दाबतात.

वर आलो. चावी गळ्यातून काढून खुंटीला लावली. मान हलकी वाटेल असं वाटलं होतं. उघडी वाटली. घरात कोणी नाही. टूरची बस परतीला निघाली असेल, म्हणजे आता जायचं म्हटलं तरी सीट नाही. दुपारी जगन फोन करायला आला, फोन डाव्या कानाला. म्हणाला, सेक्रेटरी, आज पाणी वेळेवर, क्या बात है. मी म्हटलं, लक्ष ठेवावं लागतं.

तो गेल्यावर चावी पुन्हा गळ्यात घातली.

उद्या साडेचारला उठायचंय. पंप नाखवा चालू करतील. मी बाजूला उभा राहीन.