अमावास्या सुटेपर्यंत

चि. राजशेखर,
आशीर्वाद; आज ते माझ्या रागासकटच घे.

गुरुवार, २० नोव्हेंबर, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. बाळाचे ठोके मंदावले होते. डॉक्टरीणबाईंनी सिझेरियनचा कागद तुझ्या श्रीशैलपुढे धरला आणि त्याने जळकोटला तुला फोन लावला. तू म्हणालास, "अमावास्या सव्वाबाराला सुटते. तवर थांबा."

मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. नांदेडच्या या सरकारी दवाखान्यात एका खाटेवर दोन बाळंतिणी, म्हणून मी व्हरांड्यात सतरंजी टाकली आहे. माझी काळजी नको.

आपण लिंगायत विटाळ की मुहूर्त मानत नाही, मग ही अमावास्या कुठून आणलीस? श्रीशैल सही करीना. शेवटी तुझी सून अंबिकाच कण्हत म्हणाली, "मामांना पंचांग बघू द्या. पेन इकडं द्या, बाई." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिचीच सही पुरे होती. तोवर वीस मिनिटे गेली होती. बाळ निळे पडले होते, उशिरा रडले.

तुझे गुडघे कसे आहेत?

सुनेच्या उपचारात पुन्हा आडवा येणार नाहीस, हे ३० नोव्हेंबरच्या आत स्वतःच्या हाताने लिहून पाठव. फोन उचलणार नाही. पत्र येईपर्यंत मायलेकी लातूरला, माझ्या घरी राहतील.

तुझी,
शिवकन्याअक्का