फ्रीजरात हरीणच राहू दे

अलास्का, ३ ऑक्टोबर

प्रिय मार्लिस,

मी मजेत आहे. गुडघा कुरकुरतो, पण चालतो.

आनंदाची बातमी! निवृत्तीच्या खात्यातले थोडे पैसे सोन्यात घालायला कंपनी सापडली. आधी सगळे नियम मी स्वतः दोनदा वाचले. मग तीन कंपन्यांना फोन करून तुझाच प्रश्न विचारला, "सोन्याची नाणी आमच्या फ्रीजरात, हरणाच्या मांसाखाली ठेवली तर चालतील?"

पहिले दोघे म्हणाले, "का नाही, साहेब! सोनं तुमचं, फ्रीजर तुमचा!" मी फोन ठेवला. नाणी घरी आणली, की ती खात्यातून काढली असंच सरकार धरतं. कर आणि वर दंड. आपली सारी पुंजी अठरा हजार डॉलर, त्यात दंड कुठून भरणार?

तिसरीकडची बाई खळखळून हसली. "अहो दादा, फ्रीजरात हरीणच राहू द्या! सोनं मान्यता असलेल्या तिजोरीतच ठेवावं लागतं. आणि अठरातले चारच हजार घाला. सोन्याचा भाव पडतोही, सगळी पुंजी त्यात अडकवू नका."

स्वतःचाच धंदा कमी करणारी बाई! तिलाच हो म्हटलं.

तुझी दाढ काढली का? फ्रीजरात जागा करून ठेव. बारा नोव्हेंबरला येतोय, आणि शिकारीचा परवाना खिशात आहे.

तुझाच,
ड्वेन