आरतीचा नंबर

सावेडी, नगर
(जिल्ह्याचं नाव बदललं हे मला माहीत आहे. पाकिटावर नवीनच लिहिलं आहे.)
२२ जानेवारी २०२६

चि. धवल यास नीलांबरीमावशीचे अनेक आशीर्वाद.

शुक्रवार, ९ जानेवारी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. ही अन्यायाची वेळ आहे, लिहून ठेव. (तक्रारीत आधी तारीख आणि वेळ, मग रडगाणं, असं कॉन्व्हेंटात सिस्टर फिलोमिनांनी आम्हाला शिकवलं. रडगाण्यापर्यंत त्या बहुधा वाचत नसत.) तुझी कंबर कशी आहे? ईराचा खोकला गेला का? बंगळूरच्या हवेला दोष देऊ नका, रात्रीचं दही बंद करा. मी ठणठणीत आहे. फक्त संतापले आहे, आणि त्याने रक्त चांगलं फिरतं.

माझ्या पंच्याहत्तरीला साडी पाठवण्याऐवजी तू आपल्या घरच्या अंगाईचा अल्बम काढलास, हे मला मनापासून आवडलं होतं. अंगाई एकच, पण दोनदा. एकदा तुझ्या आईच्या, आरतीच्या, आवाजात, मी १९८५ साली अकोले गावी तिच्या स्वयंपाकघरात टेपवर घेतलेली. आणि एकदा माझ्या आवाजात, गेल्या डिसेंबरात अजिनाथच्या स्टुडिओत घेतलेली. (स्टुडिओ म्हणजे पिठाच्या गिरणीमागची खोली. भिंतींना गाद्या ठोकल्या आहेत. मला आधी वाटलं, हा गादीवालाच आहे आणि तू पत्ता चुकीचा दिलास.) टेप कॉम्प्युटरवर चढवण्यापासून फॉर्म भरण्यापर्यंत सगळं त्यानेच केलं, आणि ९ तारखेपासून अंगाई जगभर ऐकू येऊ लागली, असं तो म्हणाला. जगाचं मला माहीत नाही. सावेडीत येऊ लागली.

तेव्हापासून रोज दुपारी मी खिडकीखालच्या पलंगावर आडवी होते, मोबाईल उशीवर ठेवते आणि आरतीच्या नावावर बोट ठेवते. पायांवरचं ऊन गुडघ्यांपर्यंत येतं तोवर मी निम्मी झोपलेली असते. आमच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये दुपारी ट्रंक कॉल थांबले की हेडफोनमध्ये नुसत्या तारा गुणगुणायच्या, तसं काहीतरी होतं. अकोल्याची लाईन नेहमी पाण्याखालून आल्यासारखी यायची, आणि त्या पाण्यातून आरती विचारायची, ताई, जेवलीस का? (सरकारी लाईनवर खासगी बोलणं नियमात बसत नव्हतं. मी एकतीस वर्षांच्या नोकरीत तेवढा एकच नियम मोडला, पण आरती होती तोवर रोज मोडला.) तशीच ती या दिवसांत येत राहिली. आवाज थोडा जाड वाटला. मला वाटलं, तिकडे गेल्यावरही माणसाचं वय वाढत असावं, आणि तेही बरंच आहे, नाहीतर मी गेल्यावर ती मला ओळखणार कशी? मग तुलनेसाठी माझं लावायचे आणि नाक मुरडायचे. तिचा गळा कसा मोकळा, माझा कसा चिरका! शेजारच्या केशरबाईंनाही दोन्ही ऐकवलं. त्या म्हणाल्या, "व्हय, धाकटीचा लई ग्वाड हाय."

असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी, मंगळवारी, मी झोपेतून दचकून उठले. का, तर डाळ अजून शिजली कशी नाही! त्या टेपवर दुसऱ्या कडव्यानंतर आरतीच्या कुकरची शिट्टी होते, तू मांडीवर भोकाड पसरतोस, ती गाता गाता हसते आणि हसतच पुढचं कडवं घेते. अकरा दिवस ना शिट्टी, ना तू, ना हसणं. मी चष्मा लावून ताठ बसून ऐकलं. (चष्म्याचा कानाशी काय संबंध, असं विचारू नकोस. आहे.) मीच होते. आरतीच्या नावावर मी, माझ्या नावावरही मी.

तडक रिक्षाने गिरणी गाठली. आता हे नीट वाच, कारण मी दीड तास उभी राहून समजून घेतलं आहे. अख्ख्या अल्बमला एक बारकोड असतो, पावडरच्या डब्यावर असतो तसा. पण आतल्या प्रत्येक ध्वनिमुद्रणाला स्वतःचा बारा अक्षरांचा नंबर लागतो. देशाची दोन, देणाऱ्याची तीन, वर्षाचे दोन आकडे, मग उरलेले पाच. गाणं तेच असलं तरी कोणी वेगळं, वेगळ्या वेळी गायलं की नंबर वेगळा. मला हे लगेच पटलं. बारकोड म्हणजे गावाचा एसटीडी कोड आणि हा म्हणजे घरातला फोन. अजिनाथने दोन्ही घरांना एकच नंबर दिला. यंत्राला वाटलं, एकच घर आहे. त्याने एक दार ठेवलं, एक लिंपून टाकलं.

अजिनाथ म्हणाला, "मावशी, शब्द तेच, चाल तीच. येका गाण्याला दोन नंबर कशाला? लोकांचा गोंधळ व्हईल."

मी विचारलं, तुझ्या जुळ्या मुलींना एकच आधार नंबर काढलास का?

"न्हाई. पन त्या दोघी येगळ्या हायेत की."

मग आम्ही?

तो भिंतीवरची गादी नीट करू लागला. म्हणाला, "खरं सांगू का? शिट्टी सोडली तर दोन्ही आवाजांत मला फरकच कळला न्हाई."

यावर मी जास्तच रागावले. खातं तुझ्या नावावर असल्यामुळे तुझ्या संमतीशिवाय तो काही बदलू शकत नाही. तेव्हा संमती पाठव. आरतीने आयुष्यभर माझी जुनी दप्तरं वापरली, माझे फ्रॉक वापरले, तक्रार केली नाही. तिला निदान नंबर तरी कोरा मिळायला हवा.

तुझी,
नीलांबरीमावशी

ता. क. – तीन वाजून दहा मिनिटं ही तुझ्याच मेसेजची वेळ आहे. "मावशी, ऐकलं. आईचा आवाज अगदी आठवतो तसाच आहे." अरे, ती गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास. त्यानंतर तुला झोपवायला रोज अंगाई कोण म्हणत होतं, ते तूच आठव. हे वरच लिहायचं होतं, पण रागाच्या पत्रात शोभलं नसतं.

आणखी ता. क. – नंबर दुरुस्त झाला की ती तुला अनोळखी वाटेल. ते तिकडे एकट्याने, गाडी चालवताना ऐकू नकोस. मूळ टेप माझ्या कपाटात आहे, टेपरेकॉर्डर चालतो, आणि कुरियरने मी काहीही पाठवणार नाही. इथे येऊन ऐक. शनिवार, ३१ जानेवारी, संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी उत्तर हवं. स्वतः घेऊन आलास तरी स्वीकारलं जाईल. कुकर पाचलाच लावते.