चौदा नंबरचा माग

सोम., ९ जून
टॉवेलच्या कारखान्यात मी बनवलेला डॅशबोर्ड दाखवला. तीन महिने मागांवर सेन्सर आहेत. कोणाच्या हाताखालचा माग किती वेळा थांबतो, त्यावरून कामगारांची क्रमवारी. वरचे हिरवे, शेवटचे तीन लाल. शेठ खुर्ची पुढे ओढून बघत बसले. "मुकादमाला वीस वर्षांत जे कळलं न्हाय, ते ह्या पोरीनं एका पानात दाखवलं की!" आमच्या सरांनी ऑफिसात भजी मागवली. मी दिवसभर हवेत.
घरी अप्पांना सांगितलं. त्यांनी स्वतः तीस वर्षं माग चालवले. म्हणाले, "लाल कोण कोण हायत?"
"नावं नसतात अप्पा, नंबर असतात."

गुरु., १२ जून
शेठनी लाल तिघांना मागावरून उठवून घडी घालायला बसवलं. सर खूश, म्हणे आपल्या कामाचा परिणाम दिसला.
संध्याकाळी अप्पा चहाच्या टपरीवरून आले. जेवताना म्हणाले, "नरसय्याला मागावरनं काढलं."
लालमधला एकतीस नंबर म्हणजे नरसय्या मामा. मागच्या गल्लीतले, अप्पांचे जोडीदार. पहिली ते चौथी त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून शाळेत गेले मी.
अप्पांना एवढंच म्हटलं, "वय झालं असेल हो." खरं लिहायचं तर मला तसंच वाटतं. डेटा आहे, मी काय करणार. भाकरी मात्र अर्धी राहिली.

सोम., १६ जून
चौदा नंबरच्या मागाचा सेन्सर बंद, म्हणून कारखान्यात. माग उभाच. नवा कामगार घामाघूम, पुन्हा पुन्हा धागा जोडतोय.
मुकादमांना विचारलं, हा इतका का थांबतो?
"चौदा नंबर? त्यो नरसय्याचंच ऐकायचा. जुना झालाय, दुसऱ्याच्या हातात दिला की रडतोय. बिघडके माग समदे त्यालाच देत हुतो आमी. चांगल्या हातालाच वाईट माग द्यायचा असतो की बाई."
सेन्सर कसा बसवला आठवत नाही.
हेच वाक्य लहानपणी घरात शंभरदा ऐकलंय. अप्पा चिडून यायचे, "आज परत तो खटारा माझ्याच गळ्यात." विणकराची पोरगी मी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मंगळ., १७ जून
कोड उघडला. मागाचा नंबर डेटात होता. तो कॉलम मीच काढलाय, मार्चमध्ये. का? ग्राफ गचाळ दिसत होता.
आता प्रत्येकाची तुलना त्याच मागावरच्या दुसऱ्या पाळीच्या कामगाराशी केली. एकतीस नंबर सगळ्यात वर. तीनदा चालवून बघितलं.
सरांना दाखवलं. शांतपणे ऐकलं त्यांनी. "बरोबर आहे तुझं. पण आत्ता नको. आणखी चार कारखान्यांशी बोलणी चालू आहेत. पुढच्या व्हर्जनमध्ये घे."
"हो सर."
इतकं पटकन निघालं तोंडातून. लाज वाटते. बाकीचे दोघे लालवाले कोण, हे तर मी अजून विचारलेलंही नाही.

शनि., २१ जून
सगळं सांगायचं ठरवून न. मामांकडे गेले. ते दारात बसलेले, मांडीवर सुताचा गुंता. धागा तोडायचा, गाठ मारायची, पुन्हा तोडायचा.
"ये की बाळ. बघतोय, हात कुटं अडतोय ते."
मी म्हटलं, मामा, तुमचे हात चांगले आहेत.
"मग कंप्युटर खोटं कशाला बोलंल? त्याचं माझ्याशी काय वैर हाय का? चौदा नंबर लई थांबायचा, ते खरंच हाय की." मग एकदम, "तू बी कंप्युटरचंच करतीस न्हवं? कुणी बनवलं असंल गं ते?"
"पुण्याची कुठली तरी कंपनी असेल."
असं म्हणाले मी. मामी चहा घेऊन आल्या, तोही प्यायले.
"मोबाईल हाय न्हवं तुझ्याकडं? टाईम लाव जरा."
मी लावला. बोटं दिसतसुद्धा नव्हती, नुसती गाठ दिसायची. चाळीस वर्षं गाठी मारणारा माणूस माझ्या तोंडाकडे बघत विचारतो, "किती आलं? हळू हाय व्हय?"

सोम., २३ जून
सकाळी शेठना मेल केली. दोन्ही क्रमवाऱ्या, चौदा नंबरचा माग, आणि चूक कोणाची ते माझ्या नावासकट. सरांनाही पाठवली. त्यांचे दोन फोन येऊन गेले, उचलले नाहीत. शेठकडून अजून काही नाही. नोकरी राहते की जाते, बघू.
अप्पांना आज सगळं सांगितलं. वाटलं, ओरडतील. ते बराच वेळ पायाची बोटं दाबत बसले. मग म्हणाले, "शेठला कळवलंस, बरं केलंस. नरसय्याला काय सांगितलंस?"
पुण्याची कंपनी, असं सांगितलंय, म्हटलं.
"त्यो अजून गाठी मारतोय." एवढं बोलून आत गेले.
साडेपाच वाजलेत. सहाला न. मामांची पाळी सुटते, सव्वासहापर्यंत सायकल गल्लीच्या तोंडाशी येते. चप्पल घालून बसलेय. पहिलं वाक्य काय बोलायचं ते चार वेळा लिहून खोडलं. शनिवारी लावलेला टाईम मोबाईलमध्ये तसाच आहे, तो काही पुसलेला नाही.